न शिवता बाधणारी वीज

गेल्या मार्गशीर्षात बाळापूर तालुक्यातील एका गावी दोन चुलतभावांमध्ये तारेच्या कुंपणावरून तंटा उपस्थित झाला. धाकट्याने तुरीच्या राखणीसाठी सामाईक धुऱ्याला लागून झटका मशीनची तार ओढली होती. दिवसा तो मशीन बंद करी आणि बॅटरीसह ते घरी नेई. असे असता एके दिवशी दुपारी थोरल्याचा सालदार हरभऱ्याला ओलीत करताना ओल्या पायांनी त्या तारेला लागला, आणि त्यास असा चटका बसला की तो धुऱ्यावरून खाली पडला.

मशीन घरी, बॅटरी घरी, आणि तरीही तारेत वीज. तेव्हा धाकट्याने रानडुकरांसाठी खांबावर आकडा टाकून थेट लाईन कुंपणात सोडली आहे, असा थोरल्याचा ग्रह झाला व फिर्याद देण्यापर्यंत मजल गेली. दोन्ही घरांशी जुना परिचय असल्यामुळे, व महसूल खात्यात कारकुनी करून मी निवृत्त झालेला असल्यामुळे, धुरा पाहावयास मलाही बोलाविण्यात आले. परवानाधारक वायरमनने तारेला टेस्टर लावताच तो उजळला, आणि संशय दुणावला. परंतु खांबापासून कुंपणापर्यंत सर्व शोध घेतला, तरी कोठेही आकडा नाही की जोड नाही. मग त्याने जमिनीत लोखंडी सळई ठोकली, तिला वायर बांधली, आणि रोधक दांड्याने धरून त्या वायरचे दुसरे टोक कुंपणाच्या तारेस टेकविले. बारीकशी ठिणगी उडाली व टेस्टर विझला. वायर काढताच तो पुन्हा उजळला. तेव्हा त्याने हात वर करून दाखविले. कुंपणाला समांतर अशी, मनोऱ्यांवरून, अति उच्च दाबाची वाहिनी गेली होती. वीज तेथून आली होती. ती कोणी सोडलेली नव्हती.

फिर्याद राहिली. परंतु त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की, तारेला हात लागल्याशिवाय विजेचा धोका नाही, हा आपल्या शेतकरी बंधूंचा समज खोटा आहे. आणि मोठ्या मनोऱ्याचा धोका मोठा व लहान खांबाचा लहान, हा दुसरा समज तर त्याहून घातक आहे. ह्या दोन समजांचे निरसन करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. दाब, प्रवाह व अंतर

पाण्याचा दृष्टांत येथे उपयोगी पडतो. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर अधिक. विजेच्या ह्या जोरास दाब म्हणतात व तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून किती पाणी वाहते त्याप्रमाणे तारेतून किती वीज वाहते, त्यास प्रवाह म्हणतात व तो अँपिअरमध्ये मोजतात. मनुष्यास मारतो तो प्रवाह. दाब हा त्यास शरीरातून ढकलणारा होय. एक अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिअँपिअर. एवढा प्रवाह अंगातून गेला तर मुंग्या आल्यासारखे वाटते. दहा-पंधरा मिलिअँपिअर गेल्यास हाताचे स्नायू आखडून धरलेली तार सुटत नाही. तीसच्या पुढे जिवास धोका आहे. म्हणूनच घरातील संरक्षक कळ ३० मिलिअँपिअर गळती होताच वीज तोडील अशी बसविलेली असते.

आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट. विहिरीवरील तीन फेजच्या मोटारीस सुमारे ४१५ व्होल्ट मिळतात. डीपीपर्यंत येणारी तार ११ हजार व्होल्टची असते. उपकेंद्रांना जोडणाऱ्या तारा ३३ हजारांच्या. त्यापुढील १३२, २२० व ४०० हजार व्होल्टच्या वाहिन्या लोखंडी मनोऱ्यांवरून जातात. पारस येथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे औष्णिक केंद्र आहे. आणि तिरोडा येथून कोराडी व अकोला ह्या मार्गाने छत्रपती संभाजीनगराकडे ७६५ हजार व्होल्टची वाहिनी गेली आहे. त्यामुळे वऱ्हाडातील पुष्कळ शिवारांवर अशा तारांची सावली पडते.

दाब जितका अधिक, तितकी वीज हवेतून उडी घेण्यास समर्थ. म्हणून तारा उंच टांगतात व भोवती मोकळी पट्टी राखतात. ही पट्टी १३२ हजारांच्या वाहिनीस सुमारे २७ मीटर, २२० हजारांच्या वाहिनीस ३५ मीटर आणि ४०० हजारांच्या वाहिनीस ४६ मीटर रुंद धरतात. तिच्यात घर, गोठा, उंच वाढणारे झाड असू नये, हा निर्बंध शेतकऱ्यास जाचक वाटतो खरा. परंतु त्याचे कारण कागदी नसून विजेच्या स्वभावात आहे.

२. तारेशिवाय तारेत वीज कशी येते

आपली वीज एका दिशेने वाहणारी नव्हे. ती एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे होते. अशा तारेच्या भोवती, दिसत नाही असे विजेचे क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात दुसरी एखादी धातूची वस्तू जमिनीपासून तुटक ठेवली असेल, तर तीही भारित होते. इंग्लंडात २००४ साली रिचर्ड बॉक्स नावाच्या कलावंताने अशा मोठ्या वाहिनीखालील शेतात १३०१ ट्यूबलाईटच्या नळ्या जमिनीत उभ्या खोवल्या. त्यांस एकही वायर जोडलेली नव्हती. रात्र पडताच त्या सर्व मंद उजळल्या, व लोक ते पाहावयास जमले. नळीला जे झाले तेच आपल्या कुंपणाला होते. नळी प्रकाश देते, कुंपण चटका देते, इतकाच भेद.

आता झटका मशीनची तार कशी बसवितात, ते पाहा. मशीनची वीज जमिनीत गळू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या किंवा चिनीमातीच्या रोधकांवर ताणतात. म्हणजे जमिनीपासून ती पूर्ण तुटक. मोठ्या वाहिनीची वीज ग्रहण करण्यास याहून योग्य वस्तू शोधूनही सापडणार नाही. मशीन चालू असो वा घरी नेलेले असो, त्याचा येथे संबंधच नाही. ढोबळ हिशेब असा की, ४०० हजार व्होल्टच्या वाहिनीखाली कमरेइतक्या उंचीवर ताणलेल्या अशा १०० मीटर तारेतून मनुष्यास अर्धा-पाऊण मिलिअँपिअर प्रवाह मिळेल; तार ५०० मीटर असेल तर तीन-चार मिलिअँपिअर. पहिला जेमतेम जाणवेल, दुसरा मनुष्यास दचकवून पाडील. कोरड्या चपला असतील तर कमी, ओलिताच्या चिखलात अनवाणी उभा असेल तर पुरता. सालदाराचे जे झाले ते याच हिशेबाने झाले. अशा चटक्याने सहसा मृत्यू येत नाही. परंतु दचकून विहिरीत पडणे, विळा लागणे, बैल बुजणे ही संकटे काही थोडकी नव्हेत.

काटेरी तारेचे साधे कुंपण, भाजीपाल्याच्या मंडपाच्या तारा, टिनाचे छप्पर, रबरी चाकांवर उभा असलेला ट्रॅक्टर, ह्या सर्वांस हाच नियम लागू आहे. ह्यावर उपाय सोपा आहे, व तो भूमिबंध, म्हणजे ज्यास आपण अर्थिंग म्हणतो तो. कुंपणाच्या तारेस ठराविक अंतरावर जमिनीत खोल ठोकलेली सळई जोडली असता भार साचण्यापूर्वीच जमिनीत उतरतो. वाहिनीला समांतर जाणारे लांब कुंपण एकसंध न ठेवता मध्ये लाकडी फाटक किंवा रोधक घालून त्याचे तुकडे करावेत, व प्रत्येक तुकड्यास स्वतंत्र अर्थिंग द्यावे. झटका मशीनच्या तारेस मात्र अर्थिंग देता येत नाही, कारण मग तिचा उपयोगच नाहीसा होतो. सबब ती तार वाहिनीला समांतर नेऊच नये. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावी, आणि दुरुस्तीस हात लावण्यापूर्वी ती जाणत्या माणसाकडून भूमीस जोडून घ्यावी. वायरमनने केलेला सळईचा प्रयोग मात्र कोणी स्वतः करून पाहू नये. तारेत खरोखर चोरून सोडलेली लाईन असती, तर तोच प्रयोग प्राणावर बेतला असता.

३. नभोवाणी केंद्रातील तारा

हाच नियम आपल्या उग्र रूपात पाहावयाचा असेल, तर नभोवाणीच्या प्रक्षेपण केंद्राकडे वळावे. वऱ्हाडात लघुलहरींचे प्रचंड केंद्र नाही. परंतु नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाल्यापासून आपला त्याच्याशी नित्य संबंध आहे. १९८८ साली राष्ट्रीय प्रसारण वाहिनी निघाली तेव्हा तिच्यासाठी नागपूर येथेच १००० किलोवॅट शक्तीच्या मध्यमलहरी प्रक्षेपकाची योजना झाली. ती वाहिनी आता बंद झाली आहे, तथापि रात्री तुरीच्या राखणीस बसून ती ऐकलेले पुष्कळ लोक अजून हयात आहेत. परदेशी पोचणाऱ्या लघुलहरींसाठी गोव्यात पणजी केंद्राकडे २५० किलोवॅटचे, व बंगळूर येथे ५०० किलोवॅटचे प्रक्षेपक उभारण्यात आले.

प्रक्षेपक इमारतीत असतो आणि आकाशकांक्षी तारांचे जाळे, म्हणजे एरियल, दूर मैदानात असते. ह्या दोहोंना जोडणाऱ्या उघड्या तारा खांबांवरून नेतात. केंद्रातील लोक त्यांस फीडर म्हणतात. आपल्या शेतीच्या फीडरशी नावाचे साम्य आहे. गुण मात्र निराळे. दिसण्यात ह्या तारा जुन्या टेलिफोनच्या तारांसारख्या निरुपद्रवी. परंतु २५० किलोवॅट शक्ती ३०० ओहमच्या फीडरमधून जात असता दोन तारांमधील दाब सुमारे ८,६६० व्होल्ट व प्रवाह सुमारे २९ अँपिअर भरतो. आवाजाच्या चढउताराबरोबर हा दाब क्षणाक्षणाला बदलतो, आणि पूर्ण चढाच्या शिखरावर २४ हजार व्होल्टच्या पुढे जातो. एरियल बिघडून शक्ती परत उलटली, तर तारेवर काही ठिकाणी याहूनही अधिक.

आपल्या विजेची दोलने सेकंदास ५०, तर लघुलहरींची ३० लाखांपासून ३ कोटींपर्यंत. इतक्या त्वरेने मागे-पुढे होणारा प्रवाह शरीरातील ज्ञानतंतूंना ओळखूच येत नाही. म्हणून साध्या विजेसारखा हिसका बसत नाही व मनुष्य मागे फेकला जात नाही. त्याऐवजी स्पर्शाच्या ठिकाणी मांस भाजते, आणि ती भाजणी वरून दिसते त्याहून आत खोल गेलेली असते. हिसका बसत नाही म्हणून धोका कमी, असे समजणे म्हणजे न भुंकणाऱ्या कुत्र्यावर विश्वास टाकण्यासारखे आहे.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा. सेकंदास एक कोटी दोलनांची लहर ३० मीटर लांब असते. तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे १५ मीटर किंवा सुमारे ५० फुटांची तार जवळपास असेल, तर ती त्या लहरीशी सूर जुळवून स्वतःच एरियल बनते. वाळत घालण्याची तार, कुंपणाचा एखादा तुकडा, उभ्या यारीची साखळी, कोणतीही वस्तू हे काम करू शकते. आणि अशा ठिकाणी केवळ सळई ठोकून भागत नाही, कारण सळईपर्यंत जाणारी लांब वायरच लहरी ग्रहण करू लागते. सबब अशा केंद्रात एकच खरा उपाय मानतात: प्रक्षेपण बंद केल्याशिवाय व तार भूमीस टेकवून ठेवल्याशिवाय तेथे कोणी काम करू नये, आणि फीडरच्या पट्ट्यात गवत कापावयासही परवानगीशिवाय कोणी जाऊ नये. आपल्या ५० दोलनांच्या विजेची लहर ६,००० किलोमीटर लांब असल्यामुळे आपल्या कुंपणांना ही अडचण नाही. आपले काम साध्या सळईने भागते, हे आपले भाग्यच समजावे.

आरोग्याविषयी स्वित्झर्लंडातील श्वार्झेनबुर्ग ह्या शेतकरी गावाचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे १९३९ पासून लघुलहरींचे केंद्र होते व त्याची शक्ती १५० किलोवॅटपर्यंत जाई. आसपासच्या रहिवाशांनी झोप लागत नसल्याची तक्रार पुष्कळ वर्षे केली. १९९० नंतर तपासणी झाली तेव्हा केंद्राजवळील लोकांत निद्रेची तक्रार खरोखरच अधिक आढळली. गाईंचीही परीक्षा झाली. केंद्रापासून ५०० मीटरवरील व ४ किलोमीटरवरील, अशा दोन गोठ्यांतील गाईंच्या लाळेत निद्रेशी संबंध असलेला मेलाटोनिन हा द्रव मोजला, त्यात कायमचा फरक दिसला नाही. तो निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. केंद्र १९९८ च्या मार्चमध्ये बंद करण्यात आले. ह्यावरून घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. तक्रारदारास वेडा ठरवू नये, आणि मोजल्याशिवाय अमक्यानेच अपाय झाला असेही म्हणू नये. मनोऱ्याखाली गाय बांधली म्हणून दूध आटले, असे आपल्याकडे जे बोलले जाते, त्यासही हेच लागू आहे.

४. लहान खांबाचा मोठा धोका

आता मनोऱ्याकडून खांबाकडे येऊ. ४०० हजार व्होल्टची तार नियमाने जमिनीपासून निदान ८.८ मीटर, म्हणजे सुमारे २९ फूट उंच असावी लागते. ११ हजारांच्या उघड्या तारेस रस्ता सोडून इतरत्र, २०१० च्या सुरक्षा नियमांनी किमान उंची ठरविली ती ४.६ मीटर, म्हणजे १५ फूट. आता स्प्रिंकलरचा एक पाईप ६ मीटर, म्हणजे जवळजवळ २० फूट लांब असतो. मनुष्याने तो कमरेशी धरून उभा केला तर टोक २३ फुटांवर जाते. मनोऱ्याच्या तारेपर्यंत ते पोचत नाही. खांबावरील तारेच्या मात्र आठ फूट वर जाते. सर्व हिशेब एवढाच आहे.

नोकरीत असताना अशा एका अपघाताचा पंचनामा मी स्वच्छ करून लिहिला होता. मनुष्य तरणा, अनुभवी, आणि ती तार रोज डोक्यावर पाहणारा. पाईपमध्ये उंदराने घर केले म्हणून ते झटकण्यासाठी त्याने पाईप उभा केला, एवढेच. त्या कागदावर ‘तारेची उंची नियमाप्रमाणे’ असे वाक्य होते. नियम पाळलेला होता, आणि मनुष्य गेलेला होता. तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, तारेची उंची पाहून शेतकऱ्याने स्वस्थ राहू नये. आपल्या हातातील वस्तूची लांबी तीत मिळवून पाहावी. पाईप प्लॅस्टिकचा असला तरी आत पाणी व बाहेर चिखल असतो. तो लाकडी दांड्यासारखा सुरक्षित नव्हे, आणि ओला लाकडी दांडाही सुरक्षित नव्हे.

हेच गणित इतरत्र लावून पाहावे. कापसाने किंवा कुटाराने भरलेली ट्रॉली, तिचा तळ चार फूट, वर ढीग सात फूट, आणि ढिगावर उभा असलेला मनुष्य साडेपाच फूट. एकूण साडेसोळा फूट. बोअरमधून मोटार काढताना उभे होणारे २० फुटी पाईप व त्यावरील तिकाटणे. मोर्शी-वरुडकडे फळांनी लवलेल्या संत्र्याच्या फांद्यांना आधार देण्यासाठी नेले जाणारे लांब बांबू. हार्वेस्टर यंत्राची वर उचललेली नळी. ह्यांपैकी एकही काम तारेखाली करू नये.

आणखी दोन गोष्टी लक्षात येत नाहीत. वैशाखात उन्हाने तार लांबते व मधोमध झोळ घेते. हिवाळ्यात पाहिलेली उंची उन्हाळ्यात राहत नाही. दुसरी, आपण स्वतः जमीन वर आणतो. धरणाचा गाळ टाकून शेत हातभर उंचावले, शेततळ्याची माती तारेखाली रचली, किंवा कडब्याची गंजी तेथे लावली, म्हणजे तार तेवढीच खाली आली. पऱ्हाटी किंवा कुटार तारेखाली पेटविणेही घातक आहे, कारण ज्वाला व दाट धूर यांतून वीज उडी घेते. मोठ्या वाहिन्या ह्या कारणाने बंद पडल्याची उदाहरणे जगभर आहेत.

५. जमिनीतून येणारी वीज

वादळात तार तुटून काळ्या रानात पडली, तर ती निर्जीव झाली असे समजू नये. कोरड्या जमिनीत प्रवाह पुरेसा उतरत नाही व उपकेंद्रातील कळ पडत नाही. अशा तारेभोवती जमिनीतच दाब पसरतो, जवळ अधिक व दूर कमी. चालणाऱ्याचा एक पाय अधिक दाबावर व दुसरा कमी दाबावर पडला की वीज पायांतून वाहते. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर मोठे, आणि मध्ये काळीज. म्हणून जेथे मनुष्यास नुसत्या मुंग्या येतात तेथे बैल कोसळतो. पावसाळ्यात डीपीच्या कुंपणाजवळ किंवा ताण दिलेल्या तारेजवळ चरणारी जनावरे मरतात, त्याचे कारण बहुधा हेच. सबब डीपीच्या आसपास जनावर बांधू नये, आणि ताणाच्या तारेस म्हैस घासू देऊ नये.

पडलेल्या तारेपासून निदान १० मीटर दूर राहावे व इतरांस रोखावे. आपण नकळत जवळ गेलोच असू, तर धावू नये. पाय जुळवून, लहान लहान उड्या मारीत किंवा पाय घाशीत दूर व्हावे. ट्रॅक्टरवर तार पडली असेल व आग नसेल तर वरच बसून राहावे. उतरणे भागच पडले, तर ट्रॅक्टर व जमीन यांस एकाच वेळी स्पर्श न होईल अशी, दोन्ही पाय जुळवून उडी घ्यावी. तारेस चिकटलेल्यास हाताने ओढण्याच्या मोहाने एका घरची दोन-दोन माणसे जातात. प्रथम वीज बंद करवावी. महावितरणचा १९१२ हा क्रमांक प्रत्येक शेतकऱ्याने पाठ करून ठेवावा.

६. कुंपणात लाईन सोडणे

रानडुक्कर व रोही यांचा उपद्रव किती आहे, हे वऱ्हाडात सांगावयास नको. रात्रभर जागून पीक हातचे जाते, तेव्हा मनुष्य अविचारास प्रवृत्त होतो. परंतु झटका मशीन व थेट लाईन यांतील भेद ओळखलाच पाहिजे. मशीनचा दाब हजारो व्होल्टचा असला तरी तो सेकंदातून साधारण एकदा, आणि तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जवळपास टिकतो. जनावर दचकते व मागे हटते. थेट लाईनीचा दाब २३० च, परंतु ती सुटतच नाही. स्नायू आखडतात, पकड घट्ट होते, आणि काळीज थांबते. दाब कमी म्हणून लाईन सौम्य, हा समज ज्यांचा होता त्यांची घरे उजाड झालेली आहेत. त्या तारेस रात्री प्रथम लागणारा बहुधा डुक्कर नसून शेजारी, सालदार, किंवा मोटार पाहावयास निघालेला स्वतःचा मुलगा असतो. वीजचोरी व वन्यप्राण्याची हत्या हे गुन्हे वेगळेच; मनुष्य मेल्यास सदोष मनुष्यवधाचा आरोप येतो, व तेथे ‘पीक राखत होतो’ हे उत्तर चालत नाही.

७. अपघात घडल्यास

अपघात झालाच, तर कागदाकडे दुर्लक्ष करू नये. विद्युत अधिनियम २००३ च्या १६१ व्या कलमाप्रमाणे मनुष्य किंवा जनावर दगावल्यास विद्युत निरीक्षकाकडे खबर जाणे आवश्यक आहे. चौकशी तो करतो. आपण पोलीस पाटील, पोलीस ठाणे व तलाठी यांस ताबडतोब लेखी कळवावे. तार, खांब व प्रेत यांची स्थिती पंचनाम्यापूर्वी बदलू नये, छायाचित्रे घ्यावीत. जनावराचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करवून कानातील बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक त्यात लिहवून घ्यावा, नाहीतर जनावर आपलेच हे सिद्ध करणे जड जाते. लोंबणाऱ्या तारेविषयी पूर्वी अर्ज केला असेल तर त्याची पोच जपून ठेवावी, व केला नसेल तर आजच करावा. तुटलेल्या जिवंत तारेने मनुष्य दगावल्यास वीज पुरविणाऱ्या संस्थेची जबाबदारी, तिचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध न करताही ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली म्हटले आहे. परंतु ज्याने स्वतः पाईप उभा केला किंवा आकडा टाकला, त्याच्या वारसांचा मार्ग इतका सरळ नसतो.

तात्पर्य, वीज ही तारेत कोंडलेली नसून तारेभोवतीही असते. तिच्यापासून रक्षण करणाऱ्या गोष्टी दोनच, अंतर आणि भूमिबंध. पेरणीपूर्वी ज्याप्रमाणे आपण धुरे पाहतो, त्याप्रमाणे एकदा मान वर करून आपल्या शेतावरून कोणत्या तारा जातात, किती उंचीवरून, व त्यांखाली आपले कोणते काम चालते, हे प्रत्येकाने पाहावे आणि घरातील मुलांस व सालदारांस दाखवावे. बाळापूरकडील त्या धुऱ्यावर आता झटका मशीनची तार वाहिनीपासून दूर, दुसऱ्या बाजूने नेली आहे, आणि जुन्या काटेरी कुंपणास चार ठिकाणी सळया ठोकल्या आहेत. सळयांचा खर्च दोघा भावांनी निम्मा-निम्मा दिला.